हापूसचा वास नेमका कशाचा? एस्टरच्या तक्त्यात नसलेलं फळ

एस्टरचं प्रॅक्टिकल तुम्ही सगळ्यांनी केलेलं असणार. परीक्षानळीत थोडं अल्कोहोल, थोडं ॲसिटिक आम्ल, संहत सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंब, मग गरम पाण्यात काही मिनिटं, आणि शेवटी ते सगळं सोडिअम बायकार्बोनेटच्या द्रावणात ओतायचं. फेस बसला की वास घ्यायचा. आयसोअमाइल अल्कोहोल घेतलं असेल तर अख्ख्या प्रयोगशाळेत केळ्यांचा घमघमाट सुटतो. जर्नलमध्ये 'गोड, फळासारखा वास, एस्टर तयार झाले' असं लिहून आपण मोकळे होतो.

त्याच धड्यात एक तक्ता असतो. केळं म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट, अननस म्हणजे इथाइल ब्युटिरेट, संत्रं म्हणजे ऑक्टाइल ॲसिटेट. एका फळासमोर एक एस्टर. पाठ करायला फार सोपा. पण रत्नागिरीच्या बाजूचा कोणीही हा तक्ता वाचताना एक गोष्ट लगेच विचारेल: यात आंबा कुठे आहे? एप्रिल-मे महिन्यात ज्या एका वासाने इथली घरं, वखारी, एसटीच्या टपावरच्या पेट्या आणि पोस्टाची पार्सलंसुद्धा भरून जातात, त्या वासासमोर लिहायला एखादं नाव का नाही?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जो इतिहास वाचायला मिळाला तो आज सांगतो. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी तो वाचावा असं मला वाटतं, कारण 'हा वास कशाचा?' हा एकच प्रश्न गेल्या पावणेदोनशे वर्षांत तीन-चार वेगवेगळ्या अर्थांनी विचारला गेला आहे, आणि प्रत्येक वेळी हातात जे उपकरण होतं त्याने प्रश्नाचा अर्थ ठरवला आहे.

तक्ता आला कुठून

'एस्टर' हा शब्द १८४८ साली लिओपोल्ड ग्मेलिन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने वापरात आणला. इथाइल ॲसिटेटला जर्मनमध्ये 'एसिगएथर' म्हणत, म्हणजे व्हिनेगरचा ईथर. त्याचंच आखडलेलं रूप म्हणजे एस्टर. तीनच वर्षांनी, १८५१ मध्ये, लंडनच्या हाइड पार्कात क्रिस्टल पॅलेसचं ते प्रसिद्ध जागतिक प्रदर्शन भरलं. यंत्रं, कापड, जवाहीर अशा सगळ्या पसाऱ्यात तिथे काही छोट्या बाटल्याही मांडल्या होत्या. नाशपतीचं तेल, सफरचंदाचं तेल, अननसाचं तेल. मिठाईवाले हे पदार्थ वापरत होते, आणि त्यात फळाचा एक थेंबही नव्हता.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचे ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी या बाटल्यांची तपासणी केली आणि लिबिगला पत्राने कळवलं. नाशपतीचं तेल म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं अमाइल ॲसिटेट, सफरचंदाचं म्हणजे अमाइल व्हॅलरेट, अननसाचं म्हणजे इथाइल ब्युटिरेट. यातली गंमत कच्च्या मालात आहे. अमाइल अल्कोहोल हे बटाट्याची दारू गाळल्यावर मागे उरणारं, डोकं उठवणारं, कोणालाच नको असलेलं तेल. ब्युटिरिक आम्ल मिळवायचं तर साखरेच्या पाण्यात सडकं चीज घालून ते आंबवायचं. त्याचा वास कसा असतो हे ज्यांनी ती बाटली उघडली आहे त्यांना सांगायला नको. दोन घाणेरड्या वासांच्या पदार्थांतून अननस निघतो, हे त्या काळच्या लोकांना जादूसारखं वाटलं असेल तर नवल नाही.

आपल्या पाठ्यपुस्तकातला तक्ता हा या प्रदर्शनातल्या बाटल्यांचा वंशज आहे. तो फळांचं विश्लेषण करून बनलेला नाही. कोणीतरी एक एस्टर बनवलं, त्याचा वास अमुक फळासारखा आला, म्हणून त्या फळाचं नाव त्या बाटलीला चिकटलं. म्हणजे तक्ता सांगतो 'हे एस्टर कशासारखं वास मारतं', आणि आपण वाचतो 'या फळात हे एस्टर असतं'. ही दोन वेगळी विधानं आहेत. केळ्याच्या बाबतीत योगायोगाने दोन्ही बऱ्यापैकी खरी निघाली, एवढंच. (जाता जाता: हेच आयसोअमाइल ॲसिटेट मधमाशीच्या नांगीजवळच्या ग्रंथीतून धोक्याचा इशारा म्हणून सुटतं, असं १९६२ मध्ये दाखवलं गेलं. एका रेणूचा अर्थ कोण हुंगतंय त्यावर ठरतो.)

आंबा या तक्त्यात नसण्याचं साधं कारणही इथेच आहे. लंडन-बर्लिनच्या मिठाईवाल्यांच्या गिऱ्हाइकाने आंबा खाल्लेलाच नव्हता. ज्याची आठवण नाही त्याची नक्कल कोण विकत घेणार? पण दुसरं कारण रसायनाचं आहे आणि ते जास्त खोल आहे. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र तापवून हापूसच्या जवळपास जाणारं काही मिळतच नाही.

स्वतःचंच शेपूट तोंडात धरलेलं एस्टर

एस्टर व्हायला कार्बॉक्सिल गट आणि हायड्रॉक्सिल गट लागतात. बहुतेक वेळा ते दोन वेगळ्या रेणूंवर असतात. पण समजा दोन्ही एकाच लांब साखळीवर असले तर? साखळी वाकते, डोकं शेपटाला भेटतं, पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि कडं तयार होतं. हे कडं म्हणजे लॅक्टोन. नाव जुनं आहे, पेलूझने १८४०च्या दशकात लॅक्टिक आम्लावरून पाडलेलं. पण ही आतल्या आत बनलेली एस्टरं आहेत हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुडॉल्फ फिटिग यांच्या कामातून पक्कं झालं. हायड्रॉक्सिल गट चौथ्या कार्बनवर असेल तर पाच अणूंचं कडं, त्याला गॅमा-लॅक्टोन म्हणतात. पाचव्या कार्बनवर असेल तर सहा अणूंचं, ते डेल्टा-लॅक्टोन. यापेक्षा लहान कडी ताणाखाली असतात, त्यामुळे निसर्गात आपल्याला मुख्यतः ही दोनच भेटतात.

यांचा वास साध्या एस्टरांसारखा टोचरा, पेपरमिंटच्या गोळीसारखा वर येणारा नसतो. तो जड, सायीसारखा, नारळाच्या दुधाकडे झुकणारा असतो. गॅमा-ऑक्टालॅक्टोन हुंगलं तर ओल्या खोबऱ्याची आठवण येते. गॅमा-डेकालॅक्टोनला पीचचा वास आहे. सुगंधाच्या धंद्यात ही मंडळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आली. गेर्लांच्या 'मित्सुको' या १९१९ च्या अत्तरातलं पीच म्हणजे गॅमा-अंडेकालॅक्टोन. व्यापारात त्याला 'अल्डिहाइड सी-१४' म्हणतात. त्यात अल्डिहाइड नाही आणि कार्बन चौदा नसून अकरा आहेत. नारळाच्या वासाचं 'अल्डिहाइड सी-१८' म्हणजे नऊ कार्बनचं गॅमा-नोनालॅक्टोन. धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांना चकवायला अशी नावं ठेवत असं सांगतात. कारण काहीही असो, कॅटलॉगमधून रसायन मागवताना नावावर जाऊ नका, रचना बघा.

हापूस पिकताना जो मलईदार, थोडा खोबरेल गोडवा वासात येतो, त्याचा मोठा भाग या लॅक्टोनांचा आहे, असं आज आपण म्हणू शकतो. पण हे म्हणायला विसाव्या शतकाचा शेवट ओलांडावा लागला.

तुर्भ्याचं गुणोत्तर

१९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी वायू-द्रव क्रोमॅटोग्राफी दाखवली आणि वासाचा अभ्यास एका रात्रीत बदलला असं म्हणायला हरकत नाही. त्याआधी एका फळाच्या वासात दहा घटक आहेत की शंभर, हेच कळायला मार्ग नव्हता. आता वास एका लांब नळीतून पाठवायचा, एकेक घटक वेगळ्या वेळी बाहेर येतो, कागदावर शिखरं उमटतात. पन्नासच्याच दशकात त्याला मास स्पेक्ट्रोमीटर जोडला गेला आणि शिखरांना नावं देता येऊ लागली.

महाराष्ट्रात या यंत्रासमोर हापूस पहिल्यांदा गंभीरपणे आला तो मुंबईत तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात. अणुकेंद्रात आंबा कशाला, असं वाटेल. तिथे धान्य, कांदे-बटाटे, फळं किरणांच्या माऱ्याने जास्त टिकवता येतील का, यावर बरंच काम चालू होतं. त्यासाठी जीवरसायनशास्त्राचा आणि अन्नतंत्रज्ञानाचा विभाग होता. (या कामाचं फळ कोकणाला उशिरा मिळालं. २००७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं ते किमान ४०० ग्रे इतक्या किरणमात्रेच्या अटीवर, आणि ती प्रक्रिया नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या 'कृषक' केंद्रात झाली.)

याच केंद्रातल्या बंद्योपाध्याय आणि घोलप यांनी १९७३ मध्ये एक निरीक्षण छापलं, ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत देखणं वाटतं. त्यांनी वासाच्या घटकांकडे थेट न जाता गरातल्या मेदाम्लांकडे पाहिलं. आंब्याच्या गरात स्निग्ध पदार्थ ते किती, नावापुरते. पण त्यांना असं दिसलं की पामिटिक आम्ल भागिले पामिटोलेइक आम्ल हे गुणोत्तर एकापेक्षा जास्त असेल तर फळाचा वास सौम्य असतो, आणि एकापेक्षा कमी असेल तर वास तीव्र. दोन्ही आम्लं सोळा कार्बनची. फरक एवढाच की पामिटोलेइकमध्ये एक दुहेरी बंध आहे, पामिटिकमध्ये नाही.

आता तुम्ही त्या काळात बसून विचार करा. मेदाम्लं उडून जात नाहीत, त्यांना आंब्याचा वास नाही. मग त्यांच्या गुणोत्तराचा वासाशी संबंध का असावा? निबंधात सहसंबंध आहे, यंत्रणा नाही. अशा निष्कर्षाकडे वाचक 'योगायोग असेल' म्हणून पाठ फिरवतात. लिटरेचर सर्व्हे करताना आपणही तेच करतो, शेवटची दहा वर्षं वाचायची आणि त्याआधीचं 'जुनं' म्हणून सोडायचं. हा निबंध सोडला असता तर पुढचं अर्धं चित्र अंधारात राहिलं असतं.

घोलप-बंद्योपाध्याय जोडीने १९७७ मध्ये कच्च्या आंब्याच्या हिरव्या वासावरही काम केलं आणि हापूसच्या कैरीच्या वासामागे सिस-ओसिमीन नावाचा टर्पीन असल्याचं दाखवलं. मीठ-तिखट लावायला कैरी चिरली की जो चुरचुरीत, पानासारखा वास नाकात जातो, तो हा.

नग मोजणाऱ्यांचं दशक

त्यानंतर युरोपात मोजणी सुरू झाली. १९७४ मध्ये डबाबंद हापूसच्या वासघटकांवर एक अमेरिकन निबंध आला होता. पण डबाबंद गर तापवलेला असतो. रत्नागिरीत मोसमाच्या शेवटी कॅनिंगला जाणाऱ्या आंब्याचा रस आणि अढीतला आंबा यांच्या वासात काय फरक असतो हे तुम्हाला माहीत आहे. उष्णतेने साखरेतून नवे घटक तयार होतात, काही उडून जातात. डब्यातल्या विश्लेषणावरून झाडाच्या फळाबद्दल बोलणं अवघडच.

१९८३ मध्ये एंगेल आणि ट्रेसल यांनी भारतीय हापूस आणि इजिप्तचा बलादी आंबा शेजारी ठेवून मोजला. हापूसमध्ये ओसिमीनचं राज्य, बलादीमध्ये लिमोनीनचं. दोन आंबे, दोन वेगळी रसायनं. १९८५ मध्ये इडस्टाइन आणि श्रायर यांनी हापूसमध्ये दीडशेच्या वर उडणारे घटक नोंदवले. एका फळासमोर एक एस्टर लिहिणारा आपला तक्ता इथे कायमचा संपला.

पण दीडशे नावांची यादी म्हणजे उत्तर आहे का? मला नाही वाटत. जास्त प्रमाणात असणं आणि जास्त वास येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ओसिमीन प्रमाणाने सर्वांत मोठं, म्हणून हापूसचा वास ओसिमीनचा, असं म्हटलं तर कैरी आणि पिकलेला आंबा यांचा वास सारखाच यायला हवा. आपल्या नाकाचा उंबरठा प्रत्येक रेणूसाठी निराळा असतो. फ्युरॅनिओल नावाचं संयुग, जे १९६५ मध्ये अननसात सापडलं आणि ज्याला करपत आलेल्या साखरेचा, स्ट्रॉबेरीचा वास आहे, ते अब्जांशाच्या पातळीवरही नाकाला कळतं. क्रोमॅटोग्रामवर ते एखादं खुरटं शिखर असेल, नाकासाठी मात्र तोच पाटील. (फ्युरॅनिओल एस्टर नाही, पण हापूसच्या गोष्टीत त्याला वगळता येत नाही.)

म्हणून प्रश्न पुन्हा बदलायला हवा होता. 'काय काय आहे' याऐवजी 'कधी येतं आणि कशातून येतं' असं विचारायला हवं होतं. त्यासाठी झाडाजवळ असणं गरजेचं. बर्लिनला विमानाने पोचलेल्या पेटीतून फळाचं बालपण कळत नाही.

फळाचं बालपण

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता आणि अशोक गिरी यांच्या गटाने नेमकं हे केलं, कोकण कृषी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन. २००९ मध्ये सागर पंडित आणि सहकाऱ्यांचे निबंध आले. एकात २७ वाणांचे वास तोलून वाणांमधली जवळीक मांडली होती. दुसऱ्यात फक्त हापूस, पण मोहोरानंतरच्या अगदी कोवळ्या फळापासून पूर्ण पिकेपर्यंत टप्प्याटप्प्याने.

त्यात जे दिसलं ते असं. टर्पीनं, ओसिमीन धरून, फळाच्या सगळ्या आयुष्यात असतात. लॅक्टोनं आणि फ्युरॅनोनं मात्र पिकताना नव्याने उगवतात. म्हणजे कैरीच्या वासाचा तळ तसाच राहतो आणि त्याच्यावर पिकण्याच्या काळात एक वेगळा थर चढतो. आपण ज्याला 'हापूसचा वास' म्हणतो तो या दोन थरांचा मिळून आहे. लिंबाच्या पानासारखा तजेला खालचा, मलईदार गोडवा वरचा.

मग पुढचा प्रश्न: हा वरचा थर कशातून बनतो? इथे १९७३ चा निबंध परत येतो.

लॅक्टोनांच्या जन्माची पद्धत समजायला एरंडेल तेलाचं उदाहरण सर्वांत सोपं. एरंडेलातल्या रिसिनोलेइक आम्लात अठरा कार्बन आहेत आणि बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट. 'यारोविया लिपोलिटिका' नावाचं यीस्ट त्याला बीटा-ऑक्सिडेशनने दर फेरीला दोन-दोन कार्बनने कातरतं. चार फेऱ्या झाल्या की आठ कार्बन गेले, उरले दहा, आणि हायड्रॉक्सिल गट बाराव्यावरून चौथ्यावर आला. आता साखळी वाकून कडं बंद होतं, आणि हातात येतं गॅमा-डेकालॅक्टोन. जुलाबाच्या औषधातून पीच! अन्नउद्योगात 'नैसर्गिक' म्हणून विकलं जाणारं बरंचसं पीच याच वाटेने येतं. वहीत एकदा साखळी काढून चार वेळा कातरून बघा. एक नियमही हाती लागेल: हायड्रॉक्सिल सम क्रमांकाच्या कार्बनवर असेल तर शेवटी गॅमा, विषम क्रमांकावर असेल तर डेल्टा.

आंब्यात रिसिनोलेइक आम्ल तयार मिळत नाही, तिथे हायड्रॉक्सिल गट फळालाच बसवावा लागतो. तो बसवायची जागा म्हणजे मेदाम्लातला दुहेरी बंध. लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम तिथे ऑक्सिजन जोडतं. किंवा पेरॉक्सिजनेज दुहेरी बंधाचं इपॉक्साइड करतं आणि इपॉक्साइड हायड्रोलेज ते उघडून हायड्रॉक्सिल गट मोकळे करतं. पुण्याच्याच गटातल्या आशिष देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हापूसमधून ९-लायपॉक्सिजनेज आणि इपॉक्साइड हायड्रोलेज-२ यांची जनुकं वेगळी केली. ती फळातच तात्पुरती जास्त चालवल्यावर काही लॅक्टोनांचं प्रमाण वाढलं.

आता तुर्भ्याचं गुणोत्तर पुन्हा वाचा. पामिटिक आम्लात दुहेरी बंध नाही, म्हणजे एन्झाइमला पकडायला कडीच नाही. पामिटोलेइकमध्ये ती आहे. १९७३ च्या त्या सहसंबंधामागे रसायनाचा अर्थ असू शकतो हे इथे दिसतं. घाई मात्र करू नका. लायपॉक्सिजनेजला एक दुहेरी बंध पुरत नाही, त्याला मध्ये एक कार्बन सोडून असलेले दोन लागतात, जसे लिनोलेइक आम्लात असतात. म्हणजे पामिटोलेइकसाठी तो दरवाजा बंद आहे, आणि पेरॉक्सिजनेज-हायड्रोलेजची वाटच शिल्लक राहते. हापूस, पायरी आणि केंट या लॅक्टोनांचं प्रमाण वेगवेगळं असलेल्या तीन वाणांची मेदाम्लं याच गटाने फळ वाढताना आणि पिकताना मोजलेली आहेत. ते आकडे आणि १९७३ चे आकडे एकत्र ठेवून वाचण्यासारखे आहेत.

फ्युरॅनिओलच्या बाजूचं कोडंही थोडं सुटलं. २०१३ मध्ये राम कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी हापूसमधलं फ्युरॅनिओल बनवणारं एन्झाइम ओळखलं.

चौदा आणे

हे सगळं वाचून बागायतदार विचारेल, मला याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे.

कोकणात फळाची तयारी आण्यांत सांगतात. बारा आणे, चौदा आणे. रुपयातले आणे चलनातून जाऊन साठ-सत्तर वर्षं झाली, झाडावर ते अजून चालतात. झेल्याने देठासकट उतरवलेला चौदा आणे आंबा भाताच्या पेंढ्यात अढी लावून ठेवला की आठ-पंधरा दिवसांत पिकतो. अढीत काय होतं ते आपल्याला १९३४ पासून माहीत आहे. पिकणारी फळं स्वतःच इथिलीन वायू सोडतात हे रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवर सिद्ध केलं. पेंढ्याच्या उबेत तो वायू कोंडून राहतो आणि एक फळ दुसऱ्याला जागं करतं.

पण मार्च महिन्यात पेटीला जो भाव असतो तो मे महिन्यात राहत नाही. म्हणून दहा-बारा आण्यांचं फळ उतरवायचा मोह होतो, आणि ते पिवळं करायला कॅल्शियम कार्बाइड. ओलाव्याने कार्बाइडमधून ॲसिटिलीन सुटतो, तो इथिलीनची कच्ची नक्कल करतो, आणि सोबत आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी हायड्राइडही थोडे सुटू शकतात. त्याच्यावर कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायू वापरायची मुभा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिली.

कार्बाइडचा आंबा दिसतो केशरी, पण कापल्यावर वास नाही, अशी तक्रार आपण दर वर्षी ऐकतो. आता तुम्हाला त्याचं कारण मांडता येईल. सालीतलं हरितद्रव्य मोडणं ही एक रासायनिक गाडी आहे. मेदाम्लांना हायड्रॉक्सिल बसवून, कातरून, कडी बंद करणं ही दुसरी. पहिली गाडी धक्का मारून सुरू करता येते. दुसरीला माल लागतो, एन्झाइमं तयार असावी लागतात आणि वेळ लागतो. कोवळं फळ उतरवलं की वरचा थर चढायला पायाच कच्चा राहतो. डोळ्याला फसवता येतं, नाकाला फसवणं महाग पडतं.

आणि इथे पैशाचा प्रश्न येतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी आणि त्यानंतरही वाशीच्या बाजारात कर्नाटकातला हापूस कोकणच्या नावाच्या पेटीतून विकला जातो अशी ओरड आहेच. दोन्हीकडचा वाण एक, कलमांचा वंशही एक. गोव्यात पोर्तुगीज काळात तयार झालेलं, अफोन्सो या नावाचं आफूस आणि मग हापूस झालेलं ते कलम दोन्हीकडे पोचलं. मग फरक कसा सिद्ध करायचा? मानांकनाच्या कायद्यात उत्तर कागदाचं आहे: अधिकृत वापरकर्ता म्हणून बागायतदाराची नोंदणी. रेणूंची साक्ष तिथे मागितलेली नाही.

मागता येईल का? पुण्याच्या गटाने २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या ठिकाणांच्या हापूसचे वास पिकण्याच्या टप्प्यांनुसार मोजून छापले, आणि ठिकाणानुसार चित्र बदलतं असं दाखवलं. म्हणजे माती-हवा-समुद्र यांचा ठसा वासावर उमटतो, हे बागायतदारांचं म्हणणं रसायनात उतरतं. पण त्याच निबंधात अडचणही दिसते. पिकण्याच्या टप्प्यानुसार होणारा बदल इतका मोठा असतो की दोन ठिकाणांची तुलना करायची तर दोन्ही फळं अगदी एकाच टप्प्यावरची हवीत. बाजारातली पेटी उघडल्यावर त्यातली बारा फळं बारा टप्प्यांवर असतात. चौदा आणे उतरवलेलं पण दोन दिवस कमी पिकलेलं रत्नागिरीचं फळ आणि पूर्ण पिकलेलं धारवाडचं फळ यंत्रासमोर ठेवलं, तर लॅक्टोनांच्या आकड्यावरून कोण कुठलं ते सांगायला मी तरी धजावणार नाही.

ज्यांना यात शिरायचंय त्यांच्यासाठी माझा क्रम असा. आधी १९७३ चा बंद्योपाध्याय-घोलप, मग १९८५ चा इडस्टाइन-श्रायर, मग २००९ आणि २०१२ चे पुण्याचे, आणि शेवटी २०१७ चा. प्रत्येकात एकच गोष्ट शोधा: फळं कुठून आणली, कुठल्या टप्प्यावर होती, गरातून वास काढायला द्रावक वापरलं की वरची हवा ओढली. पद्धतीचा परिच्छेद लहान अक्षरांत असतो म्हणून सोडू नका. लॅक्टोनांचे आकडे दोन निबंधांत जुळले नाहीत तर भांडण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. त्या कच्च्या-पक्क्याच्या गोंधळातून वाट काढायची तर पिकण्याच्या टप्प्याने फारशी न बदलणारी खालच्या थरातली टर्पीनं जास्त भरवशाची साक्षीदार ठरतील का, हे येत्या मोसमात रत्नागिरी आणि धारवाडच्या एकेका पेटीवर करून बघण्यासारखं आहे. फळं मात्र बाजारातून घेऊ नका, बागेत उभं राहून स्वतःच्या डोळ्यांदेखत उतरवून घ्या.